सुटा तुकडा, बंद खोका

जर्मनीत आउग्सबुर्गला आमच्या इमारतीच्या तळघरात प्रत्येक बिऱ्हाडाला एक छोटी खोली आहे. इथे तिला केलर म्हणतात. शेजाऱ्यांच्या केलरमध्ये सायकली, स्कीचं सामान, मुरंब्याच्या बरण्या असतात. माझ्या केलरमध्ये लेगो आहे. भिंतीभर लहान लहान पारदर्शक कप्पे, प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर तुकड्याचा नंबर आणि रंग. ब्रिकलिंक नावाच्या ऑनलाइन बाजारात माझं छोटं दुकान आहे. नोकरी सांभाळून, रात्री मुलगा झोपला की मी खाली उतरते, आलेल्या ऑर्डरी काढते आणि पाकिटं भरते.

गेल्या मे महिन्यात साताऱ्याहून मामा आले. मामांनी चाळीस वर्षं किराणा दुकान चालवलं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने स्वतः जुळवलेली क्रेन त्यांना दाखवली. मामा कौतुकाने बघत होते. तेवढ्यात तो माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, हे सगळे तुकडे सुटे विकले तर किती युरो येतील?" मामांचा चेहरा उतरला. त्या रात्री ते माझ्याबरोबर केलरमध्ये आले आणि आमचं बोलणं सुरू झालं. ते एकूण चार रात्री चाललं.

मामा: पोरी, स्पष्ट बोलतो. पोराच्या हातात खेळणं आणि तोंडात भाव. हे काही बरं लक्षण नाही.

मी: मलाही खटकलं, मामा. पण तो मला रोज हेच करताना बघतो. दुकानदाराच्या घरातलं लेकरू भाव बोलणारच. लहानपणी सुट्टीत तुमच्याकडे आले की गुळाचा आणि शेंगदाण्याचा भाव मला तोंडपाठ व्हायचा.

मामा: गूळ विकायलाच आणलेला असतो. खेळण्याचं तसं नाही. आपल्याकडे थोरल्याची तीनचाकी धाकट्याला, धाकट्याची चुलतभावाला, तिथून शेजारच्या लेकराला. चार घरं फिरून ती मोडायची. मधे कुणी पैसे मागितले का?

मी: नाही मागितले, कारण ती चार घरं एकाच गल्लीत होती. हे पाकीट बघा. फिनलंडमधल्या एका आजींची ऑर्डर आहे. त्यांच्या मुलाचं १९८० च्या दशकातलं लेगोचं घर माळ्यावर सापडलं. नातवाला द्यायचंय, पण दोन खिडक्या आणि एक दार हरवलंय. दुकानात ते मिळत नाही, कारण ते बनणंच थांबलंय. त्यांच्या गल्लीत ते कुणाकडे नाही. माझ्या या कप्प्यात आहे. त्यांची-माझी ओळख नाही, नातं नाही. मग हे तीन तुकडे त्यांच्यापर्यंत जायचे कसे?

मामा: तीन तुकड्यांसाठी परदेशी टपाल? मालापेक्षा हमाली जास्त झाली की.

मी: झालीच. तरी त्यांनी मागवलं, कारण त्यांना खात्री आहे की ते बसणार. मामा, या धंद्याचा सगळा पाया तेवढाच आहे. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या कंपनीने २८ जानेवारी १९५८ ला या विटेच्या जोडणीचं पेटंट नोंदवलं. वर गोल बटणं आणि आत पोकळ नळ्या, त्यामुळे एक वीट दुसरीला घट्ट धरते. दोन बटणांच्या मध्यांमधलं अंतर आठ मिलिमीटर, विटेची उंची नऊ पूर्णांक सहा दशांश. तेव्हापासून हे माप बदललेलं नाही. त्या काळातली वीट आज सकाळी कारखान्यातून निघालेल्या विटेवर बसते. अगदी सुरुवातीच्या विटांचं प्लास्टिक वेगळं होतं, त्या काळाबरोबर थोड्या वाकतात. १९६३ पासून ए.बी.एस. प्लास्टिक आलं, त्या विटा मात्र अजून ठणठणीत आहेत.

मामा: १९५८ म्हणालीस ना? त्याच साली ऑक्टोबरात आपल्याकडे शेर-छटाक जाऊन किलो यायला सुरुवात झाली. आमचे वडील सांगायचे, गिऱ्हाईक कित्येक वर्षं मनातल्या मनात शेरात हिशेब करायचं आणि आम्हाला किलोत द्यावं लागायचं. माप बदललं की बाजारातला विश्वास हलतो. इतकी वर्षं माप न बदलणं ही मोठी गोष्ट आहे, हे मी मान्य करतो.

*

दुसऱ्या रात्री मी एक पोतं उघडलं. जर्मनीत जुनं लेगो वजनावर विकलं जातं. त्या मालाला नावच किलोवारे आहे. कुणाची मुलं मोठी होतात, कुणी घर रिकामं करतं आणि सगळं एका गोणीत भरून देतं. मी ते घेते, निवडते, धुते आणि सुटं विकते. मामांनी गोणी उचलून हातानेच अंदाज केला, "सात किलो." काट्यावर सहा किलो आठशे भरली.

मामा: दोन-बाय-चार बटणांची एक वीट किती वजनाची?

मी: सव्वादोन-अडीच ग्रॅम. म्हणजे नुसत्या त्याच विटा असत्या तर किलोत चारशेच्या वर. पण गोणीत शंभर प्रकार असतात, आणि लेगो नसलेला मालही असतो. हे बघा, मणी, केसाचा चाप, वाळलेला पास्ता. आधी हे काढायचं. मग प्रकाराप्रमाणे ढीग, मग रंगाप्रमाणे. मग जाळीच्या पिशवीत घालून कोमट पाण्यात धुवायचं. चाळीस अंशांच्या वर पाणी चालत नाही, तुकडे वाकतात. मग टॉवेलवर पसरून वाळवायचं.

मामांनी बाही सारली आणि ताटात तांदूळ निवडावेत तसे करडे तुकडे पुढ्यात ओढले. थोड्या वेळाने त्यांचा हात थांबला. दोन तुकडे उचलून ते दिव्याखाली गेले, मग परत आले.

मामा: हे दोन एका कप्प्यात जायचे नाहीत. एकाला निळसर झाक आहे.

मी: मामा, हे ओळखायला मला सहा महिने लागले होते! २००४ च्या सुमारास कंपनीने करड्या रंगाची छटा बदलली. जुना करडा उबदार, नव्यात निळसरपणा. जुना किल्ला दुरुस्त करणाऱ्याला नवा करडा पाठवला तर तो दुसऱ्या दिवशी तक्रार करेल, आणि ती रास्तच असेल.

मामा: नवी तूरडाळ आणि जुनी तूरडाळ. दिसायला सारखी, शिजायला वेगळी. दोन्ही मिसळून विकणाऱ्याचं दुकान वर्षभर टिकत नाही. बरं, हा भाव ठरवतं कोण? तू?

मी: दुकानात लावायचा भाव मी ठरवते, पण डोळे मिटून नाही. ही तुकड्याची नोंद बघा. नंबर ३००१, दोन-बाय-चारची वीट, लाल. गेल्या सहा महिन्यांत कितीला विकली गेली, नवी कितीला, वापरलेली कितीला, आज किती दुकानांत कितीला मिळते, सगळं उघड आहे. घेणाऱ्यालाही दिसतं आणि विकणाऱ्यालाही. शिवाय घेणारा आपली यादी बनवून ठेवतो, तिला वॉन्टेड लिस्ट म्हणतात. त्याला हवे असलेले दोनशे तुकडे कोणत्या दोन-तीन दुकानांत मिळून मिळतील ते संगणकच शोधून देतो. कुणी स्वतःच्या कल्पनेतून काही बांधायला काढलं, तर त्याला एका रंगाचे चाळीस तुकडे लागतात. ते खोक्यात मिळत नाहीत, इथे मिळतात.

मामा: भावाचा फळा. आणि पत? तोंड न बघता उधारी-उसनवारी नाही, तरी पैसे आधी देतात लोक?

मी: प्रत्येक व्यवहारानंतर दोघं एकमेकांबद्दल शेरा लिहितात. माझी सुरुवातीची गिऱ्हाइकं एक-दोन युरोंची होती. मोठी ऑर्डर यायला वर्ष गेलं. आणि धंदा रीतसर आहे, मामा. नगरपालिकेत व्यवसायाची नोंद आहे. इथे २०१९ पासून ज्या पुठ्ठ्यात माल पाठवतो त्या पुठ्ठ्याचीही नोंद करावी लागते.

मामा: हे उभं कुणी केलं? कंपनीने?

मी: नाही. डॅनियल येझेक नावाच्या एका तरुणाने, २००० साली. त्याला स्वतःलाच लेगोचं वेड होतं. आधी नाव ब्रिकबे होतं, नंतर ब्रिकलिंक झालं. कोणता तुकडा कोणत्या साली, कोणत्या रंगात, कोणत्या संचात आला, ही जंत्री सभासदांनीच नोंदी करून करून वाढवली. २०१० मध्ये तो गेला. तरुणच होता. घरच्यांनी बाजार चालू ठेवला, २०१३ मध्ये तो एका कोरियन उद्योजकाकडे गेला आणि २०१९ मध्ये लेगो कंपनीनेच विकत घेतला. तेव्हा सभासद दहा लाखांवर होते आणि दुकानं सत्तर देशांत मिळून दहा हजारांवर.

मामांचा हात पुन्हा थांबला.

मामा: म्हणजे माल पिकवणारा तोच, आणि बाजार समितीही त्याचीच?

मी: हो.

मामा: हे मला पटत नाही. उद्या तो म्हणेल, हा माल आणू नका.

मी: म्हणालाच. चाहते स्वतः बनवून विकायचे त्या लेगो नसलेल्या वस्तू, टोप्या, हत्यारं, ते सगळं मालक बदलल्यावर बंद झालं. काही छोट्या कारागिरांचं गिऱ्हाईक त्यात गेलं. मलाही ते आवडलं नव्हतं. पण दुसरी बाजू सांगते. तिथे आता चाहत्यांनी मांडलेल्या रचना कंपनी मर्यादित संख्येत विकते आणि त्यातला वाटा रचनाकाराला देते. आणि बाजार बंद न करता चालू ठेवला.

मामा: चालू ठेवला म्हणजे उपकार नाहीत. कंपनी स्वतः सुटे तुकडे विकते का?

मी: विकते. पण आज कारखान्यात निघणारेच.

मामा: मग तुझा जीव त्या जुन्या करड्यात आहे बघ. जे कंपनी आता बनवत नाही, त्यात तुझ्याशी स्पर्धा करायला ती येणार नाही. तेवढं सांभाळ.

*

तिसऱ्या रात्री वाद पेटला. मामांची नजर वरच्या फळीवर गेली. तिथे तीन मोठे खोके होते. सील न तोडलेले, वर प्लास्टिकचं आवरण.

मामा: हे काय आहे?

मी: बंद झालेले संच. कंपनी एखादा संच दोन-तीन वर्षं विकते आणि मग बंद करते. त्यानंतर सीलबंद खोक्याचा भाव चढायला लागतो. मधला तो डाउनटाउन डायनर, २०१८ चा, २,४८० तुकडे. जुन्या अमेरिकन धाटणीचं हॉटेल आहे. मी दुकानात दीडशे युरोंच्या आसपास घेतला होता.

मामा: आणि आता विकायचा नाही?

मी: अजून थोडं थांबायचंय. मामा, ही हौस नाही, गुंतवणूक आहे. मॉस्कोच्या उच्च अर्थशास्त्र विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८७ ते २०१५ या काळातल्या संचांचे भाव अभ्यासले. बंद झालेल्या संचांचा परतावा सरासरी वर्षाला अकरा टक्क्यांच्या आसपास निघाला.

मामा: सरासरी. चाळीस वर्षांत सरासरी गिऱ्हाईक माझ्या दुकानात एकदाही आलं नाही. ज्याचा भाव चढला नाही त्याचं काय झालं?

मी: तसंही होतं. ताजमहालची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. २००८ मध्ये कंपनीने ताजमहाल काढला, ५,९२२ तुकड्यांचा. बंद झाल्यावर त्याचा भाव मूळ किमतीच्या कित्येक पट झाला. लोकांनी खोके दडवून ठेवले. आणि २०१७ मध्ये कंपनीने तोच ताजमहाल पुन्हा बाजारात आणला, फक्त एक तुकडा जास्त. जुन्या खोक्यांचे भाव कोसळले.

मामा: चांगलं झालं!

मी: मामा, त्यात साध्या लोकांचेही पैसे गेले.

मामा: पैसे गेले त्याचं मला वाईट वाटतं. पण ज्या पोराला ताजमहाल बांधायचा होता आणि दहा पट पैसे बापाकडे नव्हते, त्याला तो मिळाला की नाही? तू त्याच्या बाजूने बघ. आणि असा भाव चढला की चोर येतात, हे धान्याच्या गोदामाला जसं लागू तसं इथेही असणार.

मी: आहे. २०२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी चोरीचे अडीच हजारांहून जास्त खोके पकडले.

मामा: खेळण्यासाठी पोलीस! पोरी, साठा मीही ठेवायचो. पावसाळ्याआधी डाळ, दिवाळीआधी साखर. साठा ठेवणारा गिऱ्हाईक येईपर्यंत थांबतो, साठेबाज भाव येईपर्यंत थांबतो. खालचे हे हजारो तुकडे म्हणजे तुझा साठा. वरचे तीन खोके काय आहेत, ते तूच सांग.

मी: थोडं ऐका. कुणीतरी खोका जपला म्हणून दहा वर्षांनी एखाद्याला तो कोरा मिळतो. सगळ्यांनी फोडले असते तर काय मिळालं असतं?

मामा: तुकडे मिळाले असते. तूच सांगितलंस ना, प्रत्येक तुकड्याला नंबर आहे, यादी केली की संगणक शोधून देतो. फिनलंडच्या आजीला खोका लागला नाही, दोन खिडक्या आणि एक दार लागलं.

मी गप्प झाले. मग मी माझा हुकमी मुद्दा काढला. तो मी नेहमी लोकांना सांगते.

मी: एकाच रंगाच्या दोन-बाय-चारच्या दोन विटा चोवीस प्रकारे जोडता येतात. सहा घेतल्या तर किती प्रकारे? ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५. या वस्तूची किंमत त्यात आहे, मामा. म्हणून ती टिकते, म्हणून तिला बाजार आहे.

मामा: फार सुंदर. आणि सील न तोडता किती प्रकारे?

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते बोलवेना.

*

चौथ्या रात्री निवडणी संपत आली. न विकण्याजोग्या तुकड्यांचा एक डबा बाजूला राहिला होता. उन्हाने पिवळे पडलेले पांढरे, चिरा गेलेले तपकिरी, आणि बरेचसे चावलेले. दोन विटा घट्ट बसल्या की मुलं दातांनी सोडवतात. मामांनी एक निळी वीट अंगठ्याने चाचपली. कडेला चार बारीक खड्डे होते, दुधाच्या दातांचे.

मामा: ही विकली जात नाही?

मी: चावलेली म्हणून नोंद करून अगदी कवडीमोलाने जाते. बहुतेक वेळा मी देऊनच टाकते. कोपऱ्यावरच्या बालवाडीत.

मामा: बघ, फुकट देण्याची जागा तूही ठेवलीस. मी पहिल्या दिवशी चुकलो, ते मान्य करतो. मला वाटलं होतं, पैशाने खेळण्याचा नाश होतो. तसं नाही. तू भाव लावला नसता, तर ही सात किलोची गोणी कचऱ्यात गेली असती आणि आजीबाईंचं घर दाराविना राहिलं असतं. सुटा विकणारा माणूस तुकडा पुन्हा कुणाच्या तरी हातात पोचवतो, त्याचे कष्टाचे पैसे घेतो. पुडी बांधून देणाऱ्याचा तो हक्कच आहे. पण वरचे खोके काहीच पोचवत नाहीत. ते नुसते वाट बघतात.

मी: माझंही चुकलं थोडं. तुम्ही यायच्या आधी मला वाटायचं, बाजार म्हटला की दोन्ही एकच. पण माझ्या हिशेबात ते खोके केलरचं भाडं भरून काढतात, हेही खरं आहे.

मामा: मग हिशेबानेच बोलू. डायनर मला दे. बाजारभाव देणार नाही, तो तुला मान्य असला तरी मला मान्य नाही. खरेदीभाव दीडशे. त्यावर इतक्या वर्षांचं गोडाऊनभाडं आणि हमाली म्हणून वीस. फुकट घेणार नाही, दुकानदाराकडून फुकट घेऊ नये.

मामांनी प्रवासासाठी बदलून आणलेल्या नोटा खिशातून काढल्या आणि माझ्या पॅकिंगच्या टेबलावर मोजून ठेवल्या. मी मनात बाजारभाव आठवला. तो एकशे सत्तरच्या बराच वर होता. दहा सेकंद तरी मी त्या नोटांकडे नुसती बघत राहिले. मग स्टुलावर चढून खोका खाली काढला.

सकाळी, शनिवार होता, मामांनी तो जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि माझ्या मुलाच्या हातात माझी पॅकिंगची सुरी दिली. सुरीचं टोक सीलवर टेकवून तो थांबला.

"आजोबा, हे कापलं की याची किंमत कमी होईल."

"होईल," मामा म्हणाले. "सावकाश काप. बोट सांभाळ."